मागच्या खोलीतलं नेट

आमच्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून फोन उचलला की त्या लगेच बोलत नाहीत. क्षणभर थांबतात, पलीकडे माणूस आहे ना याची खात्री करून घेतात, आणि मग इतक्या स्वच्छ आवाजात बोलतात की फोन करणाऱ्याला वाटावं, आपण एखाद्या मोठ्या कचेरीत लावला की काय. प्रत्यक्षात तेव्हा त्या एका हाताने मामंजींची उशी सारखी करत असतात.

रोज रात्रीच्या प्रार्थनेआधी मी वहीत चार ओळी लिहिते. दूध नासलं, गॅस आला, देवाने दिवस नीट पार पाडला, एवढंच असतं त्यात. आज तेवढ्याने भागणार नाही. आज वन्संचं लिहायचं आहे.

मामंजी, माझे सासरे, पत्र्याच्या टाक्या बनवायच्या कारखान्यात होते. जन्मभर ठोकाठोक केली आणि त्यात कान गेले. ऐकायचं यंत्र लावून पाहिलं, पण त्यातून आपल्याला नुसता कारखानाच ऐकू येतो म्हणाले आणि ते काढून ठेवलं. ते ओठ वाचतात. समोरच्याने तोंडापुढे हात न धरता, चेहऱ्यावर उजेड घेऊन बोललं की त्यांना सगळं समजतं. लग्न होऊन आले तेव्हा मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी खाली मान घालून बोलायची आणि ते समजायचे, सून रुसली आहे.

वन्संनी लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सासूबाई गेल्यावर मामंजींचं सगळं त्यांच्याकडे आलं. कुणी ठरवून दिलं असं नाही, ते हळूहळू त्यांच्याकडे सरकत गेलं आणि आम्ही सरकू दिलं. त्या दोघांची खोली घराच्या मागे आहे, मधलं छोटं अंगण ओलांडून. दगडी भिंत, एक खिडकी. मामंजी अंथरुणाला खिळले तेव्हा वरखाली होणारी लोखंडी खाट आणली, ती सुटी करून आत नेली आणि आतच जोडली. आता ती दारातून बाहेर निघत नाही. शेजारी प्राणवायूचं यंत्र सतत घुरघुरत असतं. आम्हाला त्याचा त्रास होतो, मामंजींना अर्थातच नाही.

मध्यंतरी एका तपासणीनंतर डॉक्टरांनी आमच्या यांना अंगणात बाजूला घेऊन सांगितलं की आता जे कुणी भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या. भेटायचं असं एकच माणूस होतं. माझे धाकटे दीर.

धाकटे भाऊजी लांब असतात, विमानाने जायच्या अंतरावर. आधी दरवर्षी यायचे, मग एक वर्षाआड, मग येतो येतो म्हणायचे, मग तेही म्हणेनासे झाले. भांडण वगैरे काही नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. रविवारी यांच्या फोनवर त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. पुढच्या खोलीत राउटर आहे, तिथे चेहरा छान दिसतो. मग हे फोन घेऊन अंगणातून मागे जायला निघतात आणि उंबऱ्याशी पोचेपर्यंत भाऊजी अर्धं तोंड उघडं ठेवून थिजून जातात. मोबाईलची रेंजही त्या खोलीत शिरत नाही. आवाज तेवढा तुटत तुटत येतो, आणि मामंजींना आवाजाचा काय उपयोग. ते त्या थिजलेल्या तोंडाकडे बघत राहतात.

"काय म्हणतोय हा?" ते विचारतात.

मग वन्सं ऐकून ऐकून आपल्या ओठांनी सांगायच्या, "कसे आहात विचारतोय. औषध वेळेवर घ्या म्हणतोय."

"ते तू पण म्हणतेस. तो काय म्हणतोय?"

डॉक्टरांचं सांगून झालं त्या रविवारी यांनी फोनवर स्पष्टच म्हटलं, "अरे, ये आता. बाबांचं काही खरं नाही."

"लगेच कसं जमणार?" भाऊजी म्हणाले. "आणि बोलायचं म्हटलं तर तिकडे नेट लागत नाही, त्याला मी काय करू? मागच्या खोलीत नीट नेट लावून घ्या ना तुम्ही. मग मी रोज बोलतो बाबांशी. रोज."

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "रोज म्हणे."

"म्हणाला ना तो," वन्सं म्हणाल्या. "तू ऐकलंस, मी ऐकलं."

"बोलायला काय जातंय त्याचं, ताई."

"मग आपण लावून घेऊ. मग बघू काय जातंय."

नेटच्या कंपनीला फोन केला. माणूस पाठवतो म्हणाले. माणूस आला नाही. पुन्हा केला, तर तुमची तक्रार सोडवली आहे असा निरोप आला. वन्संनी पूर्वी असे निरोप स्वतः दिले असतील, त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला माळ्यावरून जुना राउटर काढायला लावला. आधीच्या कंपनीचा, दोन कान उभे केल्यासारखा काळा डबा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. का ठेवला होता ते देव जाणे. आमच्याकडे काही टाकत नाहीत.

"हा पुढच्या डब्याला तारेने जोडायचा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मागे दुसरा डबा होतो. मोबाईलवर वाचलंय मी."

"तुला जमणार आहे का?" हे म्हणाले.

"मी एका वेळी सगळ्या गावाची लग्नं जमवायचे बोर्डावर. ही एक तार आहे."

तार आणली. ती पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढली, कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधत अंगण ओलांडलं आणि मागच्या खिडकीतून आत घेतली. खिडकी पूर्ण लागेना म्हणून फटीत मी जुन्या चादरीची पट्टी शिवून बसवली. डब्याच्या पाठीला पाच भोकं. चार एका रंगाची, एक वेगळं निळं. वन्संनी निळ्यात तार घातली. मलाही तेच बरोबर वाटलं, कारण वेगळं म्हणजे महत्त्वाचं. दिवे लागले. मामंजी खाटेवरून बघत होते.

"विमान उडवताय का?" त्यांनी विचारलं.

वन्सं हसल्या आणि त्यांनी मला पुढच्या खोलीत पाठवलं, तिथून त्यांना व्हिडिओ कॉल करायला. मी केला. त्यांनी फोन कानाला लावला. खरंच लावला, व्हिडिओ असून. माझ्या पडद्यावर नुसता त्यांचा कान आला. "हॅलो. बोल. अजून बोल. आकडे म्हण." मी उजळणी म्हटल्यासारखे आकडे म्हटले. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या, आणि धाकट्या भावाला निरोप पाठवून मोकळ्या झाल्या की लागलं.

संध्याकाळी भाऊजींनी फोन केला. आवाज स्वच्छ होता. चित्र मात्र उंबऱ्यावर थिजायचं तसंच खाटेपाशी थिजलं. मामंजींनी फोन हातात घेऊन जवळ नेला, लांब नेला, मग वन्संकडे परत दिला. "मासा आहे," म्हणाले.

ओळ तपासायची म्हणजे कानाने तपासायची, ही वन्संची जन्माची सवय. ज्या माणसाला तोंड दिसायला हवं त्याच्यासाठी त्यांनी आवाज तपासला. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या स्टुलावर बसून मोबाईल तपासू लागल्या. मुळात मागच्या डब्यातून काही येतच नव्हतं. त्यांचा मोबाईल पुढच्या खोलीतल्या राउटरचं जे काही पुसट आता खिडकीच्या फटीतून झिरपत होतं तेच धरून बसला होता, आणि तेवढ्यात आवाज मावत होता, चेहरा मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तार निळ्या भोकातून काढून चारांपैकी एकात घातली. त्याबरोबर सगळ्या घराचं नेट बसलं. यांचा सामना अडकला. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण जिन्यातून वाकून विचारू लागली. हे मागे येऊन म्हणाले, "ताई, एक चालत होतं ते पण घालवलंस."

"येईल."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

"तुझ्या जिभेला काही हाडबीड," वन्सं म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. तार काढली की पुढचं नेट परत यायचं, लावली की जायचं. दिवसभर त्यांनी ते काढून लावून पाहिलं. मी कणीक मळताना देवाला म्हटलं, एवढं होऊ दे. राउटरसाठी प्रार्थना करताना जरा संकोच वाटला, पण देवापाशी मोठं आणि लहान असं वेगळं खातं नसावं.

शेवटी वन्सं डबा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेल्या, मी बरोबर. दुकानदार तोंडात स्क्रू धरून काम करत होता. ऐकून घेतलं आणि स्क्रू काढून म्हणाला, "मावशी, तुमच्या घरात आता दोन मालक झालेत. दोघांचा पत्ता एकच, आणि दोघंही येईल त्या मोबाईलला नंबर वाटतायत. गोंधळ होणारच."

"नंबर वाटायचं काम एक्स्चेंजमध्येही एकाच खोलीचं असायचं," वन्सं हळूच म्हणाल्या.

"बरोबर. मग याला सांगायचं, तू वाटायचं नाहीस. ते डीएचसीपी नावाचं असतं, ते बंद करायचं. याचा स्वतःचा पत्ता बदलायचा, शेवटी एक आहे तिथे दोन करा. आणि निळं भोक विसरून जा. मग हा राउटर राहत नाही, नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट होतो. म्हणजे दार. आत शिरायचं ते यातून, बाकी कारभार पुढच्याकडे."

त्याने करून दिलं असतं, पण गिऱ्हाईक बरंच होतं आणि वन्संनाच थांबायचं नव्हतं. घरी येऊन त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि राउटरच्या पाठीवरच्या बारीक भोकात दाबून धरली. सगळे दिवे विझून पुन्हा लागले, म्हणजे तो मागचं सगळं विसरला. मग तार न लावता नुसता मोबाईल त्याला जोडला, आकड्यांचा पत्ता टाकला, पान उघडलं. चष्मा कपाळावर आणि मोबाईल नाकाशी. शेवटी दोन केला, नंबर वाटणं बंद केलं. नाव विचारलं तेव्हा 'मागची खोली' असं टाकलं, पुढच्यापेक्षा वेगळं, म्हणजे मोबाईल कुणाला धरून बसलाय ते कळावं. मग तार लावली. आम्ही दोघी पुढच्या खोलीकडे कान देऊन उभ्या. यांच्या टीव्हीवरचा सामना चालूच राहिला.

या वेळी त्यांनी फोन कानाला लावला नाही. मामंजींच्या हातात दिला आणि मला स्वयंपाकघरात पाठवलं, तिथून व्हिडिओ कॉल करायला. मी उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "मामंजी, दुपारी भात मऊ झाला होता का?"

मागून त्यांचा मोठा आवाज अंगण ओलांडून आला, "मीठ कमी होतं."

मी ओट्याला धरून रडले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं आणि मला आनंद झाला असं पहिल्यांदाच घडलं.

रविवारी वन्संनी मामंजींची दाढी केली. पांढरा सदरा घातला, बटणं मी लावली. खाट वर करून त्यांना टेकून बसवलं. फोन औषधांच्या बाटल्यांना टेकवून समोर उभा केला. वन्सं खाटेच्या कडेला, आम्ही दोघं मागे. फोन वाजला आणि भाऊजी आले, अगदी स्वच्छ. त्यांच्या मागच्या फडताळातल्या वस्तूसुद्धा ओळखू येत होत्या.

"बाबा, कसे आहात?"

"आहे," मामंजी म्हणाले. वन्सं सांगायला तोंड उघडणार होत्या, पण त्यांनी हाताने थांबवलं. "मला दिसतंय. तू जाड झालास. केस गेले."

भाऊजी हसले. "तुमच्यावर गेलोय."

"माझे या वयात होते." मामंजींच्या चेहऱ्यावर असं काही होतं की आमचे हे उगाचच पडदा सारखा करायला गेले. थोडा वेळ दोघं बोलले. जेवणाचं, हवेचं, भाऊजींच्या गुडघ्याचं. मग मामंजी पुढे वाकले. "कधी येतोस?"

भाऊजींनी फोनकडे जरा रोखून बघितलं. "हॅलो? बाबा, तुमचा आवाज तुटतोय. हॅलो?"

मामंजींनी तेच पुन्हा विचारलं. चित्र मात्र जराही अडखळलं नव्हतं. कोपऱ्यात माइकवर काट मारल्याची खूण आली, म्हणजे भाऊजींनी आपल्याकडचा आवाज बंद केला. त्यांनी मान थोडी वळवली आणि शेजारी कुणीतरी बसलं होतं, आम्हाला न दिसणारं, त्याला काहीतरी म्हणाले. लहानसं वाक्य, मग आणखी एक. आम्हाला अक्षर ऐकू आलं नाही. तिकडे उजेड भरपूर होता आणि तो त्यांच्या तोंडावर पडला होता. मग खूण गेली. "बाबा, नेट गडबड करतंय तुमच्याकडचं. पुढच्या वेळी बोलू, हं? औषध घ्या." आणि चेहरा गेला.

"नेट पूर्ण होतं," हे म्हणाले. "मी बघत होतो."

मामंजींनी वन्संकडे मान वळवली. "तू वाचलंस?"

"काय, बाबा? मी डब्याच्या दिव्यांकडे बघत होते."

"बरं," ते म्हणाले आणि खाट खाली करायची खूण केली.

मी वन्संना दोरीपाशी गाठलं. त्या वाळलेला सदरा पुन्हा पुन्हा झटकत होत्या. मी विचारलं, "काय म्हणाले भाऊजी?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, अगदी त्या कचेरीतल्या आवाजात, दुसऱ्याचा निरोप सांगावा तसं, "'संपलं की कळवतीलच. तोवर हे असंच चालू ठेवायचं.'"

"तुम्ही नक्की हेच वाचलंत? ओठांत चूक होऊ शकते, वन्सं."

"त्याच्या नाही होत. लहानपणी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. बाबांना कळत नाही म्हणून मी त्याला समोर बसवून शिकवायचे, ओठ नीट हलव, प्रत्येक शब्द वेगळा म्हण. अजून तसाच बोलतो." त्यांनी सदऱ्याची घडी घातली. "दुसऱ्या कुणाशी बोलतानाही."

भाऊजींनी शब्द पाळला. रोज नाही, पण आता वरचेवर फोन येऊ लागला. पहिल्या वेळी वन्संनी फोन समोर धरला तेव्हा मामंजींनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. बहिऱ्या माणसाला तेवढं पुरतं. भाऊजी बोलत राहिले, "बाबा? बाबा, ऐकताय ना?" वन्संनी फोन स्वतःकडे वळवला. "झोपलेत रे." मग प्रत्येक वेळी झोपलेतच.

मी यांना सगळं सांगितलं होतं, हे एकदा भडकले. "मी सांगतो त्याला, बाबांनी काय वाचलं ते."

"सांगून काय होईल?" वन्सं म्हणाल्या. "तो लाजून येईल. लाजून आलेल्याचं तोंड त्यांना बघायचं नाही."

मला वाटलं होतं, चार दिवसांत मामंजींचा राग निवळेल. पण तो राग नव्हताच. मामंजी आता फोन नसतानाही डोळे मिटून असतात. सकाळी वन्सं तोंड पुसतात, ते मिटलेलेच. ओठांना चमचा लागला की तोंड उघडतं, डोळे नाही. वन्संनी हातावर थोपटलं की हात हलवून दाखवतात, जागा आहे म्हणून. दुखतंय का ते वन्संना विचारता येत नाही, कूस बदलायची का विचारता येत नाही. मी प्रार्थनेला बसते आणि काय मागावं ते सुचत नाही. त्यांनी डोळे उघडावेत एवढं मागायचं, तर उघडून बघायला काय आहे, असं मनात येतं, आणि देवापुढे असं मनात येणं बरं नाही.

आज संध्याकाळी चहा घेऊन मागे गेले. डब्याचे दिवे लागलेले होते, सगळे. वन्संनी स्टूल खाटेच्या अगदी जवळ ओढलं होतं आणि दिवा आपल्या तोंडावर येईल असा वळवून घेतला होता. त्या सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, आवाज न काढता बोलत होत्या. मी मागे उभी होते, मला त्यांचे ओठ दिसत नव्हते. मामंजींचे डोळे मिटलेले होते. मी चहा खिडकीत ठेवून परत आले. अंगणातून वळून पाहिलं तर त्या अजून बोलत होत्या.